गोरखचिंचेची पावडर: सरबताला उत्तम, औषधाच्या डब्यात नको

पाकिटावर ‘बाओबाब’ लिहिलेलं असतं, मागे मावळत्या सूर्यासमोर उभं एक अवाढव्य झाड आणि खाली दाव्यांची माळ: संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व, प्रतिकारशक्ती, पचन, त्वचा, वजन. आतली फिकट, पिठूळ पावडर मात्र आपल्या ओळखीच्या झाडाची असते. वसईच्या किल्ल्यात आणि मुंबईत राणीच्या बागेत हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची जी झाडं उभी आहेत, ती गोरखचिंच हीच. शास्त्रीय नाव अडान्सोनिया डिजिटाटा.

मत आधीच सांगून टाकतो. खटाई म्हणून आणि चोथा पोटात जावा म्हणून ही पावडर खरोखर चांगली आहे, चव तर फारच छान. क जीवनसत्त्वासाठी विकत घेणं म्हणजे आवळा घरात असताना बाजार हिंडणं. आणि औषध म्हणून घेणार असाल, तर पाकीट परत फडताळात ठेवा.

या झाडाचं मूळ घर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची आफ्रिका. सेनेगलपासून सुदानपर्यंत आणि खाली झिंबाब्वे, मोझांबिकपर्यंत कोरड्या माळरानांवर ते वाढतं. अडान्सोनियाच्या आठ जाती मानतात. त्यांतल्या सहा मादागास्करच्या, एक ऑस्ट्रेलियाची आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची ही एक. अडान्सोनिया हे नाव मिशेल अडान्सन या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून आलं. तो १७४९ मध्ये सेनेगलला गेला आणि चार-पाच वर्षं तिथे राहिला. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी, कारण हाताच्या पंजासारखी पाच-सात पर्णिकांची पानं. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, १५९२ मध्ये, प्रॉस्पेरो आल्पिनी या इटालियन वैद्याने कैरोच्या बाजारात विकायला येणाऱ्या या फळाचं वर्णन करून ठेवलं होतं. म्हणजे गर वाळवून दूरदेशी विकण्याचा धंदा काही ‘सुपरफूड’वाल्यांनी शोधलेला नाही.

नावात चिंच असली तरी चिंचेशी याचं काही नातं नाही. चिंच शेंगांच्या कुळातली, गोरखचिंच भेंडी, कापूस, जास्वंद आणि काटेसावरीच्या कुळातली. ही गोष्ट नुसती माहितीसाठी नाही, स्वयंपाकात तिचा प्रत्यय येतो. पानं शिजवली की भेंडीसारखी तार सुटते आणि गर पाण्यात टाकला की दाटपणा येतो. गोरखनाथांनी या झाडाखाली बसून शिष्यांना उपदेश केला, म्हणून गोरखचिंच, अशी समजूत आहे. आंबटपणामुळे चिंच हे ओघानेच आलं.

खरेदीत पहिला घोटाळा इथेच होतो. ऑनलाइन दुकानात ‘गोरख’ टाकून शोधलं की गोरखमुंडी समोर येते. ती शेतात उगवणारी, जांभळ्या गोंड्यांची, झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली बुटकी वनस्पती. झाड नव्हे आणि आंबटही नव्हे. विलायती चिंच म्हणजे गुलाबी-पांढऱ्या गराची वळलेली शेंग, तीही वेगळी. पाकिटावर अडान्सोनिया डिजिटाटा हे नाव आणि ‘फळाचा गर’ असे शब्द दोन्ही हवेत. नुसतं ‘बाओबाब’ लिहिलेल्या डबीत पान, साल किंवा बी काहीही असू शकतं.

आता मालाकडे वळू. या फळाची गंमत अशी की ते झाडावरच वाळतं. पांढरी, टांगलेली, वीतभर रुंद फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं परागण करतात आणि दुसऱ्या दिवशी फुलं गळून पडतात. पाच-सहा महिन्यांत लांबट, मखमली लव असलेलं, लाकडासारख्या कवचाचं फळ तयार होतं. आतला गर हळूहळू पाणी सोडून खडूसारखा ठिसूळ होतो. काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बियांभोवती त्याचे पांढरे ठोकळे चिकटलेले असतात आणि मधून लालसर धागे गेलेले असतात. कवच फोडायचं, ठोकळे उखळात हलके कुटायचे, चाळणीने बिया आणि धागे वेगळे करायचे, झाली पावडर. ना रस काढायचा, ना आटवायचा.

म्हणून पाकिटावर ‘फ्रीझ ड्राइड’ लिहिलेलं दिसलं की भुवई उंचावायला हरकत नाही. जे झाडावरच वाळलं आहे ते गोठवून पुन्हा वाळवण्याचं कारण काय? ‘स्प्रे ड्राइड’ असेल तर संशय आणखी वाढवावा. त्या पद्धतीत गर आधी पाण्यात कालवावा लागतो, गरम हवेत फवारावा लागतो आणि तो चिकटू नये म्हणून बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. तो गर नव्हे, गराच्या चवीची स्टार्चजन्य भुकटी. घटकांच्या यादीत एकच शब्द असावा. दुसरा शब्द आला की किंमत त्या प्रमाणात उतरायला हवी, आणि ती उतरत नाही.

अख्ख्या फळाच्या वजनात गर फार थोडा, साधारण १४ ते २८ टक्के. बाकी कवच आणि बिया. त्यात झाडं बहुतांशी रानातली. बी लावून फळ धरायला दहा-वीस वर्षं किंवा जास्त लागतात, त्यामुळे आंब्या-काजूसारखे मळे नाहीत. कोरड्या हंगामात गावोगावच्या बायका फळं गोळा करतात. महागाईचं एक खरं कारण हे. दुसरं कारण पाकिटावरचा सूर्यास्त.

पाकीट फोडल्यावर रंग बघा. चांगली पावडर मलईच्या रंगाची असते, फार तर किंचित गुलाबीसर. तपकिरी झुकत असेल तर एक तर माल जुना, नाहीतर ओल लागलेली. जमिनीवर पडून राहिलेली, तडकलेली फळं उचलली की हे होतं. कवचात हवा आणि दमटपणा शिरतो, गर काळवंडतो, बुरशी धरते. असा माल दळून चाळला की डोळ्यांना फारसं कळत नाही, नाकाला कळतं. चांगल्या पावडरीला मंद, आंबटगोड वास असतो. कुबट किंवा जुन्या पोत्याचा वास आला तर चव घ्यायच्या भानगडीत न पडता परत करा.

जिभेवर चिमूटभर ठेवली की ती आधी लाळ शोषून घेते, मग आंबटपणा चढतो. लिंबाइतका तीक्ष्ण नाही, आमचुराइतका तुरट नाही. पेरूच्या गोळीची आठवण देणारा. सायट्रिक, मॅलिक आणि टार्टरिक आम्लं यात असतात. दक्षिण आफ्रिकेत या झाडाला ‘क्रेमेटार्ट’ म्हणतात, ते बेकिंगमधल्या क्रीम ऑफ टार्टरवरून. पोत खडूसारखा आहे आणि तो शेवटपर्यंत जात नाही. ज्यांना सत्तूचा खरखरीतपणा आवडत नाही त्यांना हीही आवडणार नाही.

मागच्या बाजूचा पोषणतक्ता नीट वाचा. शुद्ध गरात साखर साधारण १५ ते ३६ टक्के, चरबी जवळजवळ नाही, ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणि चोथा, म्हणजे तंतू, बहुधा ४० टक्क्यांच्या पुढे. चोथा २० टक्के आणि साखर ५० टक्के लिहिली असेल तर त्यात काहीतरी मिसळलं आहे. छापणाऱ्याने प्रामाणिकपणे छापलं, एवढंच. युरोपीय संघाने २००८ मध्ये या वाळलेल्या गराला नवीन खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही फळांच्या पेयांत १० टक्क्यांपर्यंत आणि फळ-धान्याच्या वड्यांत १५ टक्क्यांपर्यंत तो वापरायला हरकत घेतली नाही. ‘युरोप-अमेरिकेत मान्यताप्राप्त’ हे पाकिटावरचं वाक्य खरं आहे. पण ती मान्यता खाद्यपदार्थ म्हणून आहे. औषधाचा गुण तिने सिद्ध होत नाही.

आता सहापटीच्या दाव्याबद्दल. १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व १५० ते ५०० मिलिग्रॅम असं बरंच खालीवर होतं. झाड कुठलं, फळ किती दिवस पडून होतं, पावडर किती जुनी, यावर ते ठरतं. ३०० धरलं तर संत्र्याच्या ५० च्या सहापट होतं, गणित बरोबर. पण एका बाजूला वाळलेली पावडर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं ताजं संत्रं! कुणी १०० ग्रॅम पावडर खात नाही. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, घेतली तर १५ ते ५० मिलिग्रॅम मिळतं. भारतीय शिफारशीनुसार दिवसाची गरज पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू ती भागवून वर उरतो आणि आवळ्याचं तर काही विचारूच नका. पाकिटाच्या दरात हंगामभर आवळे येतात.

पाकिटावरचा आकडा कितपत खरा, हे घरीच ढोबळ तपासता येतं, आणि महागडी पिशवी घेतली असेल तर जरूर तपासावं. लागतं ते एवढंच: ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी, एक ड्रॉपर, बिनसुईची १० मिलिची सिरिंज आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लॉर. कॉर्नफ्लॉर कपभर पाण्यात उकळून पातळ खळ करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गोळी कुटून ५०० मिलि पाण्यात विरघळवा. आता एका मिलित एक मिलिग्रॅम आहे. यातलं २ मिलि एका पांढऱ्या वाटीत घ्या, त्यात ८ मिलि साधं पाणी आणि दहा थेंब खळ घाला. दुसरीकडे १० ग्रॅम पावडर १०० मिलि गार पाण्यात पाच मिनिटं ढवळून मलमलीतून गाळा, त्यातलं १० मिलि दुसऱ्या वाटीत घ्या आणि तेवढीच खळ घाला.

दोन्हींत एकेक थेंब आयोडीन टाकत, ढवळत जा. थेंब पडला की डाग उठतो आणि विरतो, कारण क जीवनसत्त्व आयोडीनला निष्प्रभ करतं. निळा-काळा रंग टिकून राहिला की थांबा आणि थेंब मोजा. गोळीच्या वाटीला साधारण दहा ते पंधरा थेंब लागतात, ड्रॉपरच्या तोंडावर ते अवलंबून आहे. पावडरीच्या वाटीला तितकेच लागले तर पावडरीत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. निम्मे लागले तर १००. दोन-तीन थेंबांतच रंग टिकला तर पावडर जुनी, किंवा वाळवताना-दळताना तापलेली. चारपाचपट थेंब लागले तर खूश होऊ नका. बाहेरून अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मिसळलं असण्याची शक्यता जास्त. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, गरातले इतर पदार्थही थोडं आयोडीन खातात. गोळी नारिंगी रंगाची असेल तर निळ्याऐवजी गढूळ हिरवट-काळा दिसतो, तोच शेवट धरा. खळ गरम राहिली तर रंग उठतच नाही आणि लोक बाटलीभर आयोडीन ओतत बसतात. तपासलेलं पाणी अर्थातच फेकून द्या.

वापराचं सांगायचं तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चांगलं म्हणजे सरबत. एका पेल्याला दीड ते दोन चमचे पावडर. ती थेट पेलाभर पाण्यात टाकू नका. गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांच्या आत पावडर कोरडीच राहते, पिठल्यात बेसन सरळ टाकल्यासारखं. आधी दोन चमचे पाण्यात सरसरीत कालवा, मग गूळ किंवा साखर, चिमूटभर मीठ, मग उरलेलं पाणी. दहा मिनिटं ठेवलं तर पेक्टिन, म्हणजे गरातला विरघळणारा चिकट तंतू, फुगतं आणि अंगचा दाटपणा येतो. पेल्याच्या तळाशी चोथा बसतोच, तो दोष नव्हे. गाळून टाकलात तर ज्यासाठी पैसे दिले ते मोरीत गेलं.

सेनेगलमध्ये याच गराचं ‘बुई’ करतात. बियांसकटचा गर मिळाला तर तो प्रकार पावडरीपेक्षा सरस होतो. १०० ग्रॅम ठोकळ्यांना अर्धा लिटर कोमट पाणी, अर्धा-पाऊण तास भिजू द्यायचं, मग चिंचेचा कोळ काढतो तसं हाताने चोळून स्टीलच्या चाळणीतून गाळायचं. मिक्सर लावू नका. बिया फुटल्या की कडवट, तेलकट चव उतरते. ६० ते ८० ग्रॅम साखर आणि किसलेलं जायफळ घालून गार करायचं. शेवटी थोडं दूध घालतात, आणि इथे नवख्यांचं हटकून फाटतं. कोळ चांगलाच आंबट आहे, त्यात गरम किंवा कोमट दूध घातलं की पनीर तयार. दोन्ही फ्रिजमधलं गार हवं, साखर आधी विरघळलेली हवी, दूध बारीक धारेने आणि ढवळत, आणि नंतर पुन्हा तापवणं नाही. इतकी कसरत नको असेल तर दुधाऐवजी घुसळलेलं गोडं दही घाला. ते आधीच विरजलेलं, फाटायची भीतीच नाही.

नाचणीच्या आंबिलीत किंवा पेजेत ती छान लागते. झिंबाब्वेतही हा गर पेजेत घालतात, तेव्हा जोडी नवी नाही. भांडं आचेवरून उतरवून जरा निवल्यावर घाला, उकळत्यात घातलं तर क जीवनसत्त्व जातं आणि आंबटपणाही बोथट होतो. आमटीत आमसुलाच्या जागी मात्र शिफारस नाही. रस्सा खळीसारखा होतो. झांझिबार आणि केनियाच्या किनाऱ्यावर बियांसकट गर साखरेच्या पाकात लाल रंग आणि वेलदोडा घालून घोळवतात आणि पुड्यांत विकतात. ‘मबुयू’ नावाने ते भेट म्हणून इकडे येतं. चघळायला मजा येते, पण तो साखर-रंगाचा खाऊ आहे. बी थुंकायची असते आणि जीभ दिवसभर लाल राहते.

अख्खं फळ हवं असेल तर आपल्याला जवळचं ठिकाण मध्य प्रदेशातलं मांडू. धार संस्थान पवारांचं, तेव्हा मराठी माणसाला ते परकं नाही. तिथे रस्त्याकडेला ‘खुरासानी इमली’ म्हणून ही फळं विकायला ठेवलेली असतात. नाव खुरासानचं, झाड आफ्रिकेचं. आणणाऱ्याचा पत्ता झाडाला चिकटला. भारतातली ही झाडं हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर वेगवेगळ्या वेळी आली, हे जनुकीय अभ्यासातूनही दिसलं आहे. फळ निवडताना कानाजवळ हलवा. पूर्ण वाळलेल्या फळात बिया खुळखुळतात. आकाराच्या मानाने जड लागलं तर आत ओल आहे. देठाजवळ बारीक भोक असेल तर किड्याने आधीच सरबत केलं आहे. बाहेरची लव अंगाला खाजते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून, जाड कापडात गुंडाळून वरवंट्याने मधोमध ठोका. आतला गर पांढरा असेल तर घ्या, तपकिरी-करडा असेल तर सगळंच फेका, ‘चांगला भाग’ वेगळा काढत बसू नका.

औषधी उपयोगाचं आता. पश्चिम आफ्रिकेपासून सुदानपर्यंत गर पाण्यात कालवून जुलाब, आव आणि तापात देण्याची रीत जुनी आहे. सुदानात झाडाला ‘तेबेल्दी’ आणि फळाला ‘गोंगोलेझ’ म्हणतात. वाळवलेली पानं घाम आणून ताप उतरवायला, दम्याला आणि सुजेवर लेप म्हणून वापरतात. साल सिंकोनाऐवजी, म्हणजे क्विनाइन देणाऱ्या सालीऐवजी, हिवतापात दिली जात असे. सालीचा काढा स्ट्रोफॅन्थस या वनस्पतीचं विष लावलेल्या बाणांवर उतारा मानला जाई. या सगळ्यांत गराचा उपयोग सर्वांत समजण्यासारखा आहे: पेक्टिन आणि टॅनिन जुलाब बांधून आणतात, आणि पेयाबरोबर पाणी व थोडी साखर पोटात जाते. पण लहान मुलाला जुलाब लागले तर पहिलं काम ओआरएस. पावडरीचं पाणी त्याची जागा घेत नाही, मिठाचं प्रमाणच त्यात नाही. हिवतापावर सालीचा भरवसा ठेवणं तर जिवाशी खेळ.

आधुनिक अभ्यासांत काही हाती लागतं ते असं: गर ब्रेडबरोबर घेतल्यावर रक्तातली साखर जरा सावकाश वाढते, आणि स्मूदीत घेतल्यावर भूक थोडी कमी वाटते. दोन्ही अभ्यास मोजक्या निरोगी लोकांवर झाले. ‘मधुमेह बरा करते’ असं त्यावरून छापणाऱ्या पाकिटाला आमच्याकडून शून्य गुण. उलट साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही विचारूनच घ्यावी. एरवी धडधाकट माणसाला त्रास होतो तो वाऱ्याचा. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले की पोट नगारा होतं. आठवडाभर एक चमचा, मग दोन, आणि सोबत पाणी पुरेसं.

पानांची पूड हा वेगळाच पदार्थ, आणि खरं तर आफ्रिकेच्या रोजच्या जेवणात गरापेक्षा तिचा मान मोठा. सेनेगलात ‘लालो’, उत्तर नायजेरियात हौसा लोकांची ‘कुका’. तिचं ‘मियान कुका’ हे हिरवं, तारेचं कालवण घरोघरी होतं. सावलीत वाळवलेली पूड घ्यावी, उन्हात वाळवली तर अ जीवनसत्त्वाचा अंश बराच जातो. रंग पिवळट-तपकिरी असेल तर ऊन लागलेलं समजा. भेंडीच्या तारेला नाक मुरडणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

बियांचं तेल त्वचेला लावायला बरं, लवकर जिरतं. इतर साध्या तेलांपेक्षा फार काही वेगळं करत नाही. कच्चं तेल खाण्यात वापरू नका. त्यात सायक्लोप्रोपेनॉइड नावाची अपायकारक मानली जाणारी मेदाम्लं असतात आणि ती काढण्यासाठी तेलावर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. सालीची पूड मात्र कुणी विकत असेल तर घेऊच नका. आफ्रिकेत सालीचा दोरखंड आणि टोपल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापर आहे, साल सोलूनही हे झाड ती पुन्हा भरून काढतं. पण आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी झाडं एकेका गावात; ती सोलली तर उरतील काय? आफ्रिकेतल्या काही फार जुन्या झाडांची स्थितीही बरी नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सर्वांत जुन्या तेरा झाडांपैकी नऊ झाडं २००५ नंतर पूर्ण किंवा अंशतः कोसळली असल्याचं आढळलं. झिंबाब्वेतल्या पांके नावाच्या त्यांतल्या एका झाडाचं वय सुमारे २,४५० वर्षं निघालं होतं.

साठवणीबद्दल एकच पण महत्त्वाचं: ही पावडर हवेतली ओल ओढते. कोकणात आणि मुंबईत जूनपासून झिपच्या पिशवीत ठेवलेल्या पावडरीचा पंधरा दिवसांत दगड होतो आणि रंग उतरतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, चमचा कोरडाच. बरणी बाहेर काढून उघडी ठेवू नका. गार पावडरीवर दव धरतं. १०० ग्रॅमचंच पाकीट घ्या आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. एक किलोची स्वस्त ऑफर पावसाळ्याच्या तोंडावर हटकून येते, त्यात फायदा विकणाऱ्याचा.

अख्खं फळ फोडलं असेल तर बिया टाकू नका. कवच कठीण असतं, नुसत्या पेरल्या तर महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. उकळतं पाणी आचेवरून उतरवून बियांवर ओता आणि त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या; फुगलेल्या तेवढ्याच पेरा. निम्मी वाळू असलेली माती, खोल पिशवी, आणि पाणी बेताचं, नाहीतर रोप बुडाशी कुजतं. रोप आलं की पुष्कळ जण निराश होऊन उपटून टाकतात, कारण पहिली पानं पंजासारखी नसून साधी, एकेकटी असतात. बी खोटं निघालेलं नसतं. बोटांची पानं मागाहून येतात.